उरलेल्या रंगाचे डबे: जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या प्रकल्प नोंदी

२ एप्रिल २०२५, बुधवार

पाडव्याआधी इमारतीचं रंगकाम एकदाचं उरकलं. परांची उतरली, माणसं गेली, आणि जिन्याखाली डबे तसेच राहिले. आज कमिटीच्या बैठकीत विषय निघाल्यावर कळलं की असे डबे प्रत्येक घरात आहेत. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बाल्कनीत, कुणाच्या गॅस सिलिंडरशेजारीसुद्धा. सगळे एकदाच गोळा करून रीतसर मार्गी लावायचे, असं ठरलं.

हे काम मी मागून घेतलं. टॉवेल कारखान्याच्या डाइंग विभागात नोकरी असल्यामुळे रंगाचं पाणी शेवटी कुठं जातं हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. कारखान्याला त्यासाठी शुद्धीकरणाची यंत्रणा चालवावी लागते, नमुने तपासावे लागतात, नोंदी ठेवाव्या लागतात. घरातला अर्धा डबा मात्र मोरीत ओतला तर विचारणारं कुणी नाही. प्रमाण लहान आहे हे खरं, पण घरं हजारो आहेत. आपल्याकडची उघडी गटार नाल्याला मिळते, नाले आदिला नदीसारख्या ओढ्यांना आणि तिथून सीना नदीला. इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या पाण्यात कालवलेल्या रंगात, रंगद्रव्य नि चिकट राळ तर असतेच, शिवाय डब्यात बुरशी धरू नये म्हणून घातलेली जंतुनाशकं असतात. पाण्यातल्या जिवांना तीच आधी मारतात.

सूचना फलकावर एकच नियम लिहिला: आपल्या आवारातून ओला रंग टाकण्यासाठी बाहेर जाणार नाही. गेला तर भिंतीवर लावायला जाईल, नाहीतर पूर्ण वाळून. ऑइल पेंट आणि थिनर बंद डब्यात, नाव लिहून, वेगळे राहतील.

६ एप्रिल, रविवार

सकाळी दहाच्या आत गोळा करून झालं, कारण त्यानंतर पार्किंगमध्ये उभं राहवत नाही. आमचे पेंटरमामा मदतीला आले. या इमारतीच्या बहुतेक भिंतींना त्यांचा हात लागलेला आहे. वॉचमन दादा डबे उतरवता उतरवता म्हणाले, "काय ओ साहेब, एवढं कशाला करायलाव? गटारीत ओतलं की मोकळं." मी त्यांना म्हटलं, "गटारीतून ते जातंय कुठं, ते आधी बघू या की." दुपारपर्यंत डब्यांवर खडूने खुणा करण्यात तेच सगळ्यांच्या पुढे होते.

निम्म्या डब्यांवरची चिठ्ठी गेलेली. पाण्याचा रंग की तेलाचा, हे आधी कळलं पाहिजे, कारण पुढचा सगळा मार्ग तिथून वेगळा होतो. पेंटरमामांची रीत सोपी आहे. काडीच्या टोकावर थेंबभर रंग घ्यायचा आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात ढवळायचा. इमल्शन, डिस्टेंपर असेल तर पाणी लगेच दुधट होतं. ऑइल पेंट असेल तर काडीला दोऱ्यासारखा चिकटून राहतो, सुटलेले बारीक गोळे वर तरंगतात आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरतो. वासानेही कळतं, पण वास घेत बसू नये.

साय धरलेले ऑइल पेंटचे डबे फेकायचे नसतात. एका हिरव्या डब्यावर बोटाएवढी जाड साय होती. मामांनी सुरीने ती कडेने कापली आणि अख्खी चकती उचलली. वरून सुरकुतलेली, काळपट. खाली रंग तसाच, कालच उघडल्यासारखा ओला नि चकचकीत. जुन्या नायलॉनच्या साडीतून गाळून अर्ध्या लिटरच्या डब्यात भरला. साय डब्याच्या झाकणावर पसरून उघड्यावर वाळत ठेवली.

इमल्शनचं वेगळं. ते खराब झालं की नाकाला कळतं: आंबूस, सडक्या अंड्यासारखा वास. जिवाणूंनी आतली राळ खाल्लेली असते. असला रंग भिंतीला लावला तर वास महिनोन्महिने जात नाही. तो थेट वाळवायच्या गटात.

एका घरातून खिडकीच्या ग्रिलचा पिवळा रंग आला. वडिलांनी घेतलेला, डबा निदान पंधरा वर्षांचा. तो आणि तसेच आणखी काही डबे मी उघडलेच नाहीत. घरगुती रंगातल्या शिशावर केंद्र सरकारचा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः भडक पिवळ्या, केशरी नि हिरव्या रंगात, शिशाची रंगद्रव्यं सर्रास असायची. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. म्हणून नोव्हेंबर २०१७ पूर्वीचा प्रत्येक तेली डबा संशयित धरायचा: वापरायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, वाळवायचा नाही. लाल टेप लावली.

एक गैरसमज तिथल्या तिथे मिटवावा लागला. लाल म्हणून रेड ऑक्साइडलाही लोक घाबरायला लागले. रेड ऑक्साइडचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा असतो. शिशाचा लाल प्रायमर वेगळा, केशरी छटेचा. तरी जुना डबा असेल तर लाल टेप, यावर वाद नको.

९ एप्रिल, बुधवार

महापालिकेच्या झोन कार्यालयात पत्र दिलं, पोच घेतली. पत्रात घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ चा हवाला दिला. तेव्हा लागू असलेल्या त्या नियमांत 'घरगुती धोकादायक कचरा' हा स्वतंत्र वर्ग होता आणि टाकून दिलेले रंगाचे डबे त्यात नाव घेऊन आले होते, सोबत कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, सीएफएल, मुदत संपलेली औषधं, जुन्या बॅटऱ्या, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर. ओला, सुका आणि हा तिसरा, असे तीन भाग नागरिकाने वेगळे द्यायचे होते. आणि तो घ्यायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं, असं नियमच म्हणत होता. आमच्याकडे काय काय आहे, किती आहे, याची यादी जोडली. आरोग्य निरीक्षकांनी बंद डब्यात, नावं घालून ठेवायला सांगितलं; उचलायची तारीख कळवतील.

१२ एप्रिल, शनिवार

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये थिनर आणि टर्पेंटाइनच्या बाटल्या सापडल्या. आजचं हे काम मला सगळ्यात तातडीचं वाटलं.

टर्पेंटाइनची वाफ ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठिणगी पडताच पेटण्याजोगी होते. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरला तेवढीही ऊब लागत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि तापलेल्या पत्र्याखाली त्याहून वर. म्हणजे त्या शेडमध्ये रोज दुपारी सैल झाकणाच्या बाटलीतून जी वाफ निघत होती, ती एका ठिणगीची वाट पाहत होती. आणि त्याच शेडमध्ये लिफ्टच्या मोटरचं पॅनेल आहे. सगळ्या बाटल्या पहाटे खाली आणल्या. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली, खिडकी जाळीची, स्विच बोर्ड बाहेर. शीतपेयाच्या बाटलीतलं थिनर आधी बदललं. लहान मूल पाणी समजून पिऊ शकतं, आणि काही थिनर ते प्लॅस्टिकच विरघळवतात. मूळ पत्र्याचा डबा नाहीतर जाड काचेची बाटली, घट्ट झाकण आणि वर ठळक नाव.

ब्रश धुतलेलं गढूळ टर्पेंटाइन मामा कधीच टाकत नाहीत. काचेच्या बरणीत आठवडाभर न हलवता ठेवतात. रंग तळाला बसतो, वर चहासारखं स्वच्छ थर येतो, तो अलगद ओतून पुन्हा ब्रश धुवायला. आज तीन बरण्या तशाच ठेवल्या.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुटी, सगळे घरी. चांगल्या इमल्शनचं वाटप आजच केलं.

थोडे थोडे पांढरे, क्रीम, फिकट पिवळे असे डबे वीस लिटरच्या बादलीत एकत्र केले. इमल्शनमध्ये इमल्शनच, डिस्टेंपर नाही. आतल्या भिंतीचं आतल्यातच, कारण बाहेर लावलं तर पहिल्या दोन पावसाळ्यांत पोपडे धरतं. ढवळून, गाळून जो रंग निघाला तो फिकट मातकट. जिन्याला नि मीटर रूमला अगदी शोभेल असा. उद्यापासून मामा दोन हात मारतील. पुढच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी पांढरा रंग मागितला. त्यांना फक्त तारीख वाचता येणारे, २०१७ नंतरचे, बंद झाकणाचे डबे दिले. मुलांच्या खोलीत संशयाला जागा नको.

२० एप्रिल, रविवार

उरलेला, नासलेला पाण्याचा रंग वाळवायला घेतला. सोलापूरचं ऊन यासाठी बिनमोल आहे. गच्चीवर ताडपत्री अंथरली, कडा विटांनी उचलल्या म्हणजे ओघळ गटारीकडे जाणार नाही. पाण्याच्या टाकीपासून लांब, गच्चीचं दार बंद, मुलांना मनाई.

इंचभर थर ओतून ठेवला तर वरून पापुद्रा धरतो आणि आत आठवडे ओला राहतो. म्हणून काहीतरी शोषणारं मिसळावं लागतं. वखारीतून लाकडाचा भुसा आणला. रंगकामातून उरलेली पुट्टीची अर्धी गोणी होती, दमट लागून गोळे झालेली; तीही फोडून मिसळली. पुट्टीचा पाया पांढऱ्या सिमेंटचा असतो. ताजी असेल तर ती रंगाला घट्ट धरून दगडासारखं करते, शिळी असेल तरी पाणी ओढून घेते. माप असं काही नाही. हातमोजा घालून मूठ दाबायची. थेंब सुटला तर अजून भुसा.

कुणीतरी सुचवलं, सोलापुरात सुताच्या वेस्टला काय तोटा? अक्कलकोट रोड एमआयडीसीतून पोतंभर मिळेल, भुशाचे पैसे वाचतील. पाण्याच्या रंगाला ते चालेलही. पण मी आवारात आणायलाच नको म्हटलं आणि कारण सगळ्यांना गच्चीवरच समजावून सांगितलं, कारण या गावात ही चूक सहज होऊ शकते.

ऑइल पेंट पाणी उडून वाळत नाही. त्यातला पातळ भाग उडतो, पण उरलेलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. करडईचं तेल ज्या घरात वापरतात तिथं शेगडीमागच्या फरशीवर जो पिवळा चिकट थर बसतो, खरवडला तरी निघत नाही, तीच ही क्रिया. करडई आणि जवस ही दोन्ही वाळणारी तेलं. या क्रियेत उष्णता निघते. पसरट पत्र्यावर ती हवेत निघून जाते. पण तेच तेल सुताच्या बोळ्यात भिजलं तर धाग्याधाग्यावर पातळ पसरतं, हवा भरपूर मिळते आणि उष्णता मात्र आत कोंडते. तापेल तशी क्रिया वाढते, आणि कुणी काडी न लावता काही तासांत बोळा पेट घेऊ शकतो. आमच्या कारखान्यात तेलकट सुताचं वेस्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं हा पहिल्या दिवशी शिकवायचा नियम आहे. भुशालाही हेच लागू, म्हणून भुसा फक्त पाण्याच्या रंगाला.

ऑइल पेंट पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. एकेक सुटी पसरून, उघड्यावर, सावलीत, जमिनीवर वाळवायची. कडक झाली की पाण्याने भिजवून झाकणाच्या डब्यात. मामांनाही हे नवीन होतं. त्यांनी सायकलच्या पिशवीतला चिंध्यांचा बोळा काढला आणि तिथंच उकलून वाळत घातला.

२३ एप्रिल, बुधवार

भुसा मिसळलेला थर वरून खडखडीत. खोऱ्याने उलटा केला. खाली ओलसर. अजून दोन दिवस.

२७ एप्रिल, रविवार

सगळं वाळलं. लगदा आता चुरचुरीत ढेकळांसारखा, बोटाला रंग लागत नाही. गोण्यांत भरून वर लिहिलं: 'वाळलेला पाण्याचा रंग, घरगुती धोकादायक'. सुक्या कचऱ्यात तसाच टाकायचा मोह होतो, पण डेपोवर हाताने निवडणाऱ्या माणसाला पोत्यात काय आहे हे कळलं पाहिजे.

आता बादल्या. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात रंगाची वीस लिटरची बादली कुणी फेकत नाही, आणि फेकूही नये. पण ती धुवायला नको, सोलायची. आत चिकटलेलं इमल्शन उन्हात पूर्ण वाळू दिलं की प्लॅस्टिकला धरून राहत नाही. काठाशी नखाने एक टोक सोडवायचं आणि ओढत जायचं. मी एका बादलीतून गुडघ्याएवढ्या लांबीची सलग पट्टी काढली, बाहेरून पांढरी, आतून प्लॅस्टिकच्या भिंतीची गुळगुळीत चमक घेतलेली, आणि तळाचा गोल तर झाकणासारखा अखंड निघाला. एक थेंब पाणी लागलं नाही, एक थेंब गटारीत गेला नाही.

तळमजल्यावरच्या काकू पाहत होत्या. "ह्यात प्यायचं पाणी भरलं तर चालतंय का रे?" त्यांनी विचारलं. नाही चालत, काकू. धुणं, फरशी, संडास, झाडं, एवढ्यालाच. प्यायचं पाणी, ज्वारी, पीठ यांत नको. हे प्लॅस्टिक अन्नासाठी बनवलेलं नसतं आणि जंतुनाशकांचा अंश त्यात मुरलेला असू शकतो. ऑइल पेंट किंवा थिनरचा डबा असेल तर पाण्याला अजिबातच नको. काकूंनी दोन बादल्या घेतल्या आणि मार्करने वर 'वापरायचं पाणी' लिहून घेतलं.

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंतीची मिरवणूक, अक्षय तृतीया, गावभर गर्दी. तरी बरण्या पाहून घेतल्या. टर्पेंटाइन स्वच्छ बसलं होतं. वरचं मामांना दिलं, तळाची खळ ऑइल पेंटच्या डब्यात.

जिन्याचे ब्रश-रोलर धुण्याचीही रीत लावून दिली. आधी रोलरमधला रंग सुरीच्या पाठीने निपटून डब्यात काढायचा, मग उरलेला रद्दी कागदावर ओढायचा, आणि शेवटी दोनच बादल्यांत धुवायचं. पहिल्या बादलीचा गाळ रात्रभर बसू द्यायचा, तो भुशात. वरचं पाणी ड्रेनेजला जोडलेल्या संडासात, जे निदान शुद्धीकरण केंद्राकडे जातं. अंगणातल्या मोरीत नको, झाडाला नको, बोअरशेजारी तर नकोच. हाताला लागलेला ऑइल पेंट काढायला पेंटर मंडळी थिनरच चोळतात. ते कातडीतून आत जातं. गोडेतेल चोळून साबणाने धुतलं तरी निघतो, थोडा वेळ लागतो इतकंच. तेल पुसलेलं फडकं मात्र सुटं वाळवायचं. कारण वर लिहिलंच आहे.

१८ मे, रविवार

दुपारी चारला आभाळ भरून आलं, धुळीचं वादळ आणि मग वळीव. गच्चीवर रंग वाळवायचं काम एप्रिलमध्येच उरकायला हवं म्हणून मी मागे लागलो होतो ते याच्यासाठी. पाच मिनिटांत पन्हाळीतून पाणी धो धो आलं. ओला रंग वर असता तर सगळा नाल्यात. मामांचा फोन आला. पलीकडच्या इमारतीत त्यांचं काम चालू आहे आणि पाऊस दिसताच त्यांनी तिथले उघडे डबे आत घेतले, ताडपत्री गुंडाळली.

२५ मे, रविवार

इमल्शनचे पत्र्याचे रिकामे डबे खरवडून, झाकणाला भोक पाडून भंगारवाल्या भाऊंना दिले. त्यांच्याशी आधी नीट बोललो, कारण पत्रा मोकळा करायला डबे जाळायची पद्धत आहे. जुन्या रंगाचा डबा जाळला की शिसं धुरातून थेट जाळणाऱ्याच्या छातीत. त्यांना दिलेल्या डब्यांत एकही तेली नाही, त्यामुळे जाळायचं कारणच उरलं नाही. भाऊ म्हणाले, "असले कोरडे, वेगळे केलेले मिळाले तर आमचीबी मेहनत वाचतीय." यापुढे आमच्या इमारतीचे डबे तेच नेतील.

स्प्रेचे डबे फक्त दोन-चार. पुठ्ठ्यावर फुस्स होईपर्यंत मारून संपवले. रिकाम्या डब्यातही दाब उरतो, म्हणून भोक पाडायचं नाही, आगीजवळ न्यायचं नाही. तेही धोकादायक गटात.

८ जून, रविवार

गोण्या, लाल टेपचे डबे आणि स्प्रे शुक्रवारी वेगळ्या गाडीने गेले, पावती फाइलला लावली. अशा कचऱ्याला साध्या डेपोवर जागा नाही. रांजणगाव एमआयडीसीत धोकादायक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे, तशा ठिकाणी त्याला खास भट्टी किंवा अस्तर घातलेला खड्डा लागतो. सोलापूरहून तिथवर एकेक डबा पाठवणं परवडण्यासारखं नाही. म्हणूनच साठवून, यादी करून, एकत्र देण्यात अर्थ आहे. शेजारच्या दोन सोसायट्यांनी आमच्या यादीचा नमुना नेला. दिवाळीच्या रंगकामानंतर तिघांचं मिळून एकच पत्र द्यायचं ठरलंय.

चांगले ऑइल पेंट खोलीत शिल्लक आहेत: गाळलेला हिरवा, थोडा तपकिरी, रेड ऑक्साइड. सगळे २०१७ नंतरचे. गेटला आणि सायकल स्टँडला पावसाळ्यानंतर एक हात लागेल, त्यात संपतील. डबे घट्ट झाकून उलटे ठेवले, म्हणजे साय तळाला धरेल आणि उघडताना वरचा रंग ओला मिळेल.

दिवाळीला तीन घरं रंगवायची आहेत. त्यांच्याकडून आतापासूनच भिंतींची मापं घेतोय. गुळगुळीत भिंतीला लिटरमागे दोन हातांत साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट धरायचे, दारं-खिडक्या वजा करायच्या. वीसची बादली स्वस्त पडते म्हणून ती घ्यायची नाही. दहा, चार आणि एक असे डबे जोडून हिशेब बसवायचा. शेवटचा लिटर मामांनी मागितल्यावरच आणायचा. दुकानदार न उघडलेला, स्टेनर (छटा देणारा रंग) न घातलेला डबा परत घेतो का, हे खरेदीच्या आधी विचारून बिलावर लिहून घ्यायचं.